गुरुवारी कोण कुठं असतं

प्लोवदिव, रविवार, ४ फेब्रुवारी २०२४

प्रिय आई,

तुझा हात हातात घेऊन नमस्कार. आधी समोरच्याची तब्येत विचारावी आणि मग आपली सांगावी, हा बाबांचा क्रम मी अजून मोडलेला नाही. तेव्हा तुझा गुडघा कसा आहे? मी बरी आहे. इथं थंडी कोरडी आहे, तिकडं डोंगरात बर्फ असेल. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि कानातलं यंत्र तू साखरेच्या डब्यात टाकून ठेवलंयस, म्हणून पुन्हा पत्र.

कचेरीचं तू विचारत असतेस. तेच चाललंय. सोम, मंगळ, बुध कचेरीत, गुरुवार-शुक्रवार घरून. कंपनी याला हायब्रिड म्हणते. आपल्या गावात हायब्रिड म्हटलं की लोक टोमॅटोचं बी समजतील, म्हणून कुणाला सांगत बसू नकोस. सुख आहे, नाही म्हणत नाही. घरच्या दिवशी सकाळची बस नाही, टाचांचे बूट नाहीत. एकीकडे घेवडा शिजत असतो आणि दुसरीकडे मी लोकांच्या ठोकलेल्या गाड्यांचे दावे तपासत असते. कमरेखाली घरचा झगा आणि वर इस्त्रीचा ब्लाउज, कॅमेऱ्याला तेवढंच दिसतं.

पण माझ्यासारख्या विभागप्रमुखाला हे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं आहे. हाताखाली आठ माणसं. पडद्यावर प्रत्येकाच्या नावापुढं एक हिरवा ठिपका. ठिपका हिरवा म्हणजे माणूस कामावर. माणूस खरंच खुर्चीत आहे की ठिपका पेटवून बाजारात गेलाय, ते देवाला ठाऊक. कचेरीत मला मान वर न करता कळायचं, कोण काम करतंय आणि कोण नखं रंगवतंय.

आता मुद्द्याचं. तुझी इस्क्रा. तुझीच म्हणते, कारण समोरच्या स्तोइल आजोबांच्या या नातीला नोकरीला लावण्यासाठी तूच दोन वर्षं माझ्या मागं लागली होतीस. मी माझा शब्द खर्ची घातला. कचेरीत ‘ताई’ म्हणायचं नाही, मॅडम म्हणायचं, हे पहिल्याच दिवशी बजावलं. पोरगी कामाला वाईट नाही. पण गुरुवारी-शुक्रवारी ती असते कुठं? कागदोपत्री तिचा पत्ता इथलाच, चौथ्या मजल्यावरची भाड्याची खोली. आणि घरून काम म्हणजे कागदावरच्या पत्त्यावरूनच, असा आमच्याकडे नियम आहे. कॅमेरा ती कधी लावत नाही. परवा बैठक चालू असताना चक्क कोंबडा आरवला. मी विचारलं, “इस्क्रा, चौथ्या मजल्यावर कोंबडा?”

म्हणते, “शेजाऱ्यांचा फोन वाजला, मॅडम.”

सगळे हसले. मी हसले नाही. माझ्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

तुझ्या खिडकीतून समोरचं धुराडं दिसतं. गुरुवारी-शुक्रवारी त्यातून धूर जास्त निघतो का, एवढंच बघून कळव. मला काही उद्योग नाही म्हणून विचारत नाही. तिला जामीन मी आहे.

मी स्वतः येऊन बघितलं असतं, गुरुवार-शुक्रवार तुझ्याकडूनच काम केलं असतं. पण तुमच्याकडे नेटवर्क धड नाही, त्याला मी काय करणार?

तुझी,
रुम्याना


प्लोवदिव, रविवार, ३ मार्च २०२४

प्रिय आई,

तुझं पत्र मिळालं. अक्रोडही पोचले, चांगले निघाले. तुझा गुडघा बरा आहे हे वाचून बरं वाटलं.

पण आई, एक विचारू? तू माझं पत्र वाचतेस ना? मी धुराड्याचं विचारलं, त्यावर एक अक्षर नाही. इस्क्राबद्दल पानभर लिहिलं, त्यावर मौन. आणि जे मी लिहिलंच नाही त्याचं उत्तर आहे! म्हणतेस, ‘तुला माझ्या बिहीच्या फळांच्या मुरंब्याची आठवण येते हे वाचून डोळ्यांत पाणी आलं.’ मी मुरंब्याबद्दल कधी लिहिलं? म्हणतेस, ‘ईस्टरला येणार म्हणालीस, त्या दिवसाकडे डोळे लावून बसलेय.’ ईस्टरला यंदा दोन महिने आहेत आणि माझं काहीच ठरलेलं नाही. तुला माझ्या तोंडचं काहीतरी स्वप्नात दिसतं की काय? की वयाप्रमाणं गोष्टी गोंधळायला लागल्यात? रागावू नकोस, काळजीनं विचारतेय.

दुसरं असंही वाटतं, की तुला सगळं माहीत आहे आणि तू मुद्दाम विषय बदलतेस. स्तोइल आजोबांना दुखवायचं नाही म्हणून. तुम्ही शेजारी शेजारी एक आणि मी शहरातली उपरी.

इकडं पाणी मुरतंय हे नक्की. इस्क्रा हल्ली फोनवर ओरडून बोलते. कुणी बहिऱ्या माणसाशी बोलावं तशी. “हळू बोल गं बाई, मी समोरच्या डोंगरावर नाही,” असं म्हटलं तर चपापली, आणि पाच मिनिटांत पुन्हा आवाज चढला. दुपारी बारा ते एक तिचा ठिपका नेमानं पिवळा होतो. जेवणाची सुट्टी आहे, मान्य. पण बाकीच्या पोरी खुर्चीतच पावाचा तुकडा चघळतात, आणि हिला बरोबर एक तास लागतो. दुसरी नोकरी असेल का? कुणा म्हाताऱ्याकोताऱ्याचं करत असेल का पैशासाठी? कर्मचारी विभागाची पाव्लेता म्हणाली, “रुम्याना, काम वेळेत देते ना? मग कशाला खाजवून खरूज काढतेस?” पाव्लेताला सोपं आहे. तिच्या हाताखाली कुणी नाही.

घरच्या दिवसांचा आणखी एक तोटा सांगते, जो कंपनीच्या पत्रकात नाही. गुरुवारी सकाळपासून शुक्रवारी संध्याकाळपर्यंत मी कामाशिवाय एक शब्द बोलत नाही. कचेरीत कॉफी यंत्राशी उभं राहून आपण जे फालतू बोलतो ना, तेवढंच खरं बोलणं असतं, हे आता कळतंय. या घरात माझ्यापुढं आठ हिरवे ठिपके असतात, आणि मी त्यांच्याकडे बघत बसते. परवा एकाला ‘शुभ सकाळ’ म्हटलं, तोंडानं. हे कुणाला सांगू नकोस.

गेल्या गुरुवारी तुमच्याकडे कुणी आलं होतं का, समोर? एवढं तरी सांग.

तुझी,
रुम्याना


प्लोवदिव, रविवार, ७ एप्रिल २०२४

आई,

तुझं पत्र समोर ठेवून लिहितेय. आणि पाव्लेताकडून मागवलेला इस्क्राचा एक जुना कागदही शेजारी आहे, पण त्याचं नंतर.

आधी मला सांग, तुझं अक्षर कधीपासून एवढं सरळ झालं? तू ओळ नेहमी वर चढवतेस, बाबा म्हणायचे, तुझ्या आईची ओळ डोंगरावर निघाली. या पत्रातल्या ओळी पट्टी ठेवल्यासारख्या आहेत. फक्त खालची सही तुझी, आणि तीसुद्धा कागदाच्या बाहेर जायला निघालेली. तुझी पत्रं कोण लिहितंय? कुणाला घरात घेतलंयस? हल्ली एकट्या म्हाताऱ्या बायकांना गोड बोलून कागदावर सही घेणारे लोक गावोगाव फिरतात. घराच्या कागदांवर, कशावरच माझ्याशिवाय सही करू नकोस. कशावरच. आणि पुन्हा तेच, ‘तू किती मायेनं लिहितेस गं रूमी.’ मी मायेनं लिहिलेलं नाही. मी चौकशी केली होती!

आता इस्क्राचं. बुधवारी कचेरीत ती प्रिंटरपाशी उभी होती. आमचा प्रिंटर तुला माहीत नाही, प्रत्येक कागदाच्या डाव्या कडेला वरपासून खालपर्यंत करडी रेघ ओढतो, मी तीनदा तक्रार केली तरी कुणी दुरुस्त करत नाही. मी जवळ गेले तशी तिनं कागद छातीशी धरला.

“काय गं ते?”

“घरचं आहे, मॅडम.”

“घरचं काम कचेरीत आणि कचेरीचं काम घरी. मग सगळं उलटंच झालं ना?”

तिचा चेहरा पडला. म्हणाली, “एकच कागद आहे, मॅडम. परत नाही छापणार.” आणि तो पिशवीत घालून गेली. एकच कागद असेल तर लपवायचा कशाला?

मी शुक्रवारी तिच्याविरुद्ध लेखी तक्रार दिली. पत्त्यावर हजर नसणं, कंपनीच्या वस्तूंचा खासगी वापर. मंगळवारी, सोळा तारखेला, तिला समितीपुढं बोलावलंय. नोकरी जाईल बहुतेक. पाव्लेता म्हणाली, “तूच आणलंस आणि तूच घालवतेस.” मी म्हटलं, माझ्या नावाला बट्टा लागण्यापेक्षा बरं. स्तोइल आजोबांना वाईट वाटेल, पण नियम तो नियम. तू मध्ये पडू नकोस.

कामाच्या गडबडीत दुसरं काही सुचत नाही.

रुम्याना


प्लोवदिव, शुक्रवार, १२ एप्रिल २०२४

माझ्या लाडक्या आई,

हे पत्र मोठं होणार आहे. सावकाश ऐक. ‘वाच’ नाही म्हणत, ‘ऐक’ म्हणतेय. का, ते कळेलच.

काल गुरुवारी मी गावात आले होते. तुला माहीत नाही, कारण मी घरात आले नाही. सकाळी सातच्या बसनं निघाले. रजा टाकली नव्हती. घरी टेबलावर कॉम्प्युटर चालू ठेवला, ठिपका विझू नये याची फोनवर सोय केली, आणि इस्क्रा कागदावरच्या पत्त्यावर नाही हे सिद्ध करायला मी स्वतः कागदावरचा पत्ता सोडून निघाले. बसमध्ये मला यात काहीही वावगं वाटलं नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात तेवढंही पडलं नाही.

पहिल्यांदा स्तोइल आजोबांच्या घराकडे बघितलं. धूर निघत होता. मनात म्हटलं, सापडली. मग आपल्या फाटकाकडे वळले, आणि तिथंच थबकले.

फाटकावर बाबांचं स्मृतिपत्रक लावलेलं होतं. नवंकोरं. बाबांचा टोपीतला फोटो, त्याखाली ‘सात वर्षं तुमच्याविना’, त्याखाली नऊ एप्रिल, आणि खाली तुझं नाव आणि माझं नाव. कागदाच्या डाव्या कडेला वरपासून खालपर्यंत करडी रेघ.

आई, मी विसरले होते. दर वर्षी ते छापून फाटकावर लावायला पाठवायचं काम माझं. नऊ एप्रिलला, मंगळवारी, मी दिवसभर कचेरीत होते, तारीख दहा कागदांवर स्वतः लिहिली, आणि मला काही म्हणता काही आठवलं नाही. त्याआधी दोन दिवस तुला पत्रही लिहिलं होतं. त्यात बाबांचा उल्लेख आहे, पण तुझ्या ओळी वाकड्या जातात हे सांगण्यापुरता.

मग आवाज आला. अंगण आणि फाटक यांत दहा पावलं. वेलीच्या मांडवाखाली तू खुर्चीत बसली होतीस, मांडीवर घोंगडी, आणि इस्क्रा तुझ्या कानाशी वाकून ओरडून वाचत होती. तिच्या हातात माझा लिफाफा होता, सात तारखेचा. मी घड्याळ बघितलं. बारा वाजून दहा मिनिटं. जेवणाची सुट्टी. नियमानंसुद्धा तिची चूक नव्हती.

ती वाचत होती, “आजी, ताई लिहिते, नऊ तारीख जवळ आली, बाबांची फार आठवण येते. बाबा असते तर तुझी ओळ डोंगरावर निघाली म्हणून हसले असते. मी इथल्या चर्चमध्ये मेणबत्ती लावीन, तू तिथं लाव. गुडघ्याला जप.”

तू म्हणालीस, “बघ, विसरली नाही पोरगी. पत्रकसुद्धा वेळेवर छापून पाठवलं.”

“हो आजी. वेळेवर पाठवलं.”

“आणि तुझ्याबद्दल काही लिहिलंय का गं? काम चांगलं करतेस ना तिच्याकडे?”

इस्क्रानं पान उलटलं. तिच्यासमोर माझी ती ओळ होती, नोकरी जाईल बहुतेक, तू मध्ये पडू नकोस. ती म्हणाली, “लिहिलंय ना. म्हणते, पोरगी कामाला वाईट नाही.”

हे मात्र मी खरंच लिहिलं होतं, फेब्रुवारीत. तेवढंच तिनं माझ्या पत्रांतून स्वतःसाठी ठेवून घेतलं होतं.

मग तू म्हणालीस, “उत्तर लिहू या. पण माझ्या डोळ्यांचं लिहू नकोस हं तिला. उगाच काळजी करेल.” आणि कागदाला हात लावायला तू पुढं झालीस, तेव्हा तुझा हात कागदाच्या वीतभर बाजूनं गेला.

मी आत यायला हवं होतं. दहा पावलं होती. मी मागं फिरले, चौकातल्या बाकावर दोन तास बसून राहिले आणि परतीची बस धरली. लाज वाटली म्हणून. याहून चांगलं कारण माझ्याकडे नाही.

आता तो कागद, ज्याचं नंतर सांगते म्हटलं होतं आणि सांगितलं नाही. जानेवारीत इस्क्रानं माझ्याकडे अर्ज दिला होता. कामाचा दुसरा पत्ता म्हणून गावाचं घर नोंदवावं, आजोबा अंथरुणाला खिळलेत, गुरुवार-शुक्रवार तिथून काम करीन. त्यावर फक्त माझी सही लागते. मी ‘नामंजूर’ लिहिलं. कारणाच्या रकान्यात ‘गावात नेटवर्क नाही.’ ती कुठं जाते ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुला धुराड्याचं विचारत होते ते शोध लावायला नाही, पुरावा गोळा करायला.

नेटवर्क आहे, आई. कोंबडासुद्धा स्पष्ट ऐकू येतो.

का नाकारलं, ते सांगते. तिला सही दिली असती तर आमच्या कचेरीतल्या कागदांवर लिहिलं गेलं असतं की आपल्या गावातून काम करता येतं. मग पाव्लेतानं नाहीतर कुणीतरी विचारलंच असतं, रुम्याना, तुझी आई तिथंच एकटी असते ना? बाबांच्या शेवटच्या हिवाळ्यात माझ्याकडे सबब होती. पाच दिवस कचेरी, रजा मिळत नाही. तू कधी बोलली नाहीस, मीही ती सबब घट्ट धरून ठेवली. मग कंपनीनं आठवड्याचे दोन दिवस माझ्या हातात ठेवले आणि सबब काढून घेतली. लोक या पद्धतीचे फायदे-तोटे मोजतात. माझा तोटा हाच. दोन वर्षांत शंभरावर गुरुवार झाले, आणि त्यांतला एकही मी तुला दिला नाही. वीस-बावीस वर्षांची पोर ते दोन दिवस माझ्याच गल्लीत घालवत होती, म्हणून मला ती डोळ्यांपुढं नको होती.

आज सकाळी आठ वाजता मी कचेरीत गेले, घरचा दिवस असून. पाव्लेता एकटीच होती. तिच्यासमोर इस्क्राच्या अर्जावर सही केली, आजचीच तारीख घालून. मागची तारीख घातली नाही, लबाड्या पुरे झाल्या. तक्रार मागं घेते म्हटलं, तर म्हणाली, “आता ती समितीची झाली. तू लिहितेस तेव्हा फार पक्कं लिहितेस, रुम्याना.” मग मी दुसरा कागद लिहिला. अर्ज मी खोट्या कारणानं नाकारला, आणि काल गुरुवारी मी स्वतः न कळवता पत्त्यावर नव्हते. पाव्लेतानं तो दोनदा वाचला. “हे दिलंस तर प्रमुख राहशील की नाही सांगता येत नाही.” मी म्हटलं, शिक्का मार. तिनं मारला.

मंगळवारी काय होईल मला माहीत नाही. तिची नोकरी वाचेल असं वाटतं, शपथेवर सांगू शकत नाही. मी तिच्या बाजूच्या खुर्चीत बसणार आहे.

अठरा तारखेच्या गुरुवारी सातच्या बसनं येतेय. कॉम्प्युटर घेऊन. या वेळी फाटक उघडून आत येईन. स्वयंपाकघरातल्या टेबलावर खिडकीकडची बाजू इस्क्राची, तिथून तिला समोरचं आजोबांचं घर दिसेल. मी भिंतीकडे बसेन. शुक्रवारी दुपारी तुझे डोळे दाखवायला जायचं, मी वेळ घेतलीय, नाही म्हणू नकोस.

आणि इस्क्रा, आता तुझ्याशी बोलते, कारण हे पत्र तुझ्या हातात आहे हे मला ठाऊक आहे. माझ्या आईला दोन महिने तू एक चांगली मुलगी दिलीस. ती तू बनवलेली होती. हे ऐकून आईला लागेल, आणि मला माहीत आहे तू काय करशील. सोळा तारीख गाळशील, जानेवारीचा अर्ज गाळशील, फाटकापासून मागं फिरले ते तर नक्कीच गाळशील, आणि त्या जागी बिहीचा मुरंबा घालशील. घालू नकोस. तारखेपासून सहीपर्यंत, जसं आहे तसं, तिच्या कानाशी, मोठ्यानं वाच. तिला रडू आलं तर थांब, आणि मग जिथं थांबलीस तिथूनच पुढं वाच.

मुरंब्याची आठवण मात्र मला खरंच येते. तुला कसं कळलं?

आई, ही ओळ मी लिहिलेली आहे, कुणी घातलेली नाही: मी येतेय.

तुझीच,
रूमी